येते म्हणालेल्या बाई

बाईंना पहिलीच्या पुढचं काही येत नाही, असं त्या स्वतःच सांगायच्या. केडगावच्या आमच्या शाळेत त्यांनी अख्खी नोकरी पहिलीच्या वर्गावर काढली. मुख्याध्यापिका व्हायची पाळी आली तेव्हा त्या साहेबांना सरळ म्हणाल्या, "वरच्या वर्गातली पोरं ऐकतात, पण विश्वास ठेवत न्हाईत. मला विश्वास ठेवणारी लागतात." साहेबांना यातलं काय कळलं देव जाणे, पण पहिलीचा वर्ग बाईंकडेच राहिला.

मी त्याच शाळेत पाचवीला विज्ञान शिकवायचे. बाई मला माझ्या नावाने कधीच हाक मारत नसत. "अगं ए विज्ञान, इकडं ये," अशी हाक व्हरांड्याच्या त्या टोकाहून यायची आणि सगळा पाचवीचा वर्ग खिदळायचा. मला त्याचा राग यायचा, आणि हाक आली नाही की चुकल्यासारखंही वाटायचं.

त्यांच्या लेखी सगळं जग पहिलीत होतं. बँकेत गेल्या की मॅनेजरला सांगायच्या, "आधी माझं ऐकून घे, मग बोल. मधे तोंड घालायचं नाही." रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न वाजवला तर, "कळलं रे, एकदाच सांगायचं." एकदा नगरला चितळे रोडवर पोलिसाने आमची स्कूटी अडवली. मी लायसन्स शोधत पर्स उपसतेय, तर बाई मागच्या सीटवरून त्याला विचारतायत, "सकाळी काही खाल्लंस का? तोंड का असं उतरलंय?" त्या पोलिसाने खरोखरच काही खाल्लेलं नव्हतं. बाईंनी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला आणि तो खाऊन होईपर्यंत आम्ही तिथे उभ्या राहिलो. लायसन्सचं कुणालाच आठवलं नाही.

आपल्या या स्वभावाची त्यांना लाज नव्हती. "पहिलीचं पक्कं असलं की माणूस जगात कुठंबी जातो," असं त्या म्हणायच्या. मला वाटायचं, ही नुसती बोलायची रीत.

निवृत्तीनंतर त्यांचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. बाळासाहेब. आता केनियातल्या एका साखर कारखान्यात मोठा इंजिनियर. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला साखर कारखाना चालवता येतो हे आफ्रिकेलाही ठाऊक झालंय, त्यामुळे तिकडे जाणाऱ्यांचं आम्हाला फारसं अप्रूप नाही. चहा पिता पिता तो सहज म्हणाला, की कारखान्याच्या वसाहतीला लागून पोरांचा एक आश्रम हाय, आई-बाप नसलेली, टाकलेली, रस्त्यावर सापडलेली पोरं, आणि शिकवायला माणसंच न्हाईत. त्याने गप्पांच्या ओघात सांगितलं होतं. बाईंनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "बाळ्या, तिकडचं विमान कुठून सुटतं?"

"बाई, खरंच येता? तुमी फकस्त या. ऱ्हायचं-खायचं मी बघतो."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "एकटीला मला करमायचं नाही. तुझं तरी इथं काय अडलंय?" तोवर मीही निवृत्त झालेली. घरी विचारलं तर आमचे हे "जा की, अवश्य जा," असं जरा जास्तच उत्साहाने म्हणाले.

केडगावात ही बातमी फिरली तेव्हा लोकांनी नावं ठेवलीच. आमचा दूधवाला बाईंना दारातच म्हणाला, "बाई, हितं काय पोरांची कमी हाय का? ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं बघा की."

"बघितली. इतकी वर्षं तीच बघितली. आता तुमी बघा. मी नको म्हनले का?"

तो गुमान दूध घालून गेला.

विमानातून उतरून मोटारीने दिवसभराचा प्रवास करून आम्ही कारखान्यावर पोचलो. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, मळीचा तो ओळखीचा वास. बाई खिडकीतून बघत राहिल्या आणि हिरमुसून म्हणाल्या, "अगं, एवढा समुद्र ओलांडून आलो आणि हे तर आपलं श्रीरामपूर!"

भाषेचंही त्यांनी दोन दिवसांत ठरवून टाकलं. तिथे शाळेत स्वाहिली आणि इंग्रजी चालतं. स्वाहिलीत साबणाला साबुनी म्हणतात, गाडीला गारी, रंगाला रंगी, हिशेबाला हेसाबू. बाईंनी निकाल दिला, "भाषा आपलीच हाय. उच्चार तेवढे घोटून घ्यायला पाहिजेत." आणि त्या घोटून घ्यायला लागल्याही. त्यांच्या वर्गातली पोरं आठवडाभर 'गाडी' असं म्हणत होती. वसाहतीतला ड्रायव्हर माझ्याकडे तक्रार घेऊन आला.

आश्रम चालवणाऱ्या बाईंना सगळे मामा ग्रेस म्हणत. तिकडे मामा म्हणजे आई. बाईंची जीभ काही त्याला वळेना. "बाईमाणसाला मामा? मला न्हाई जमायचं." त्यांनी ग्रेसताई सुरू केलं. ताई ही काहीतरी मोठी पदवी असावी अशा समजुतीने ग्रेसताई खूश होत्या.

आणि मग ती चूक झाली. ती चूक फक्त आपल्याकडचंच माणूस करू जाणे.

पहिल्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई दारात उभ्या राहिल्या. आपण कुणाच्या घरून निघताना 'जाते' म्हणत नाही. लहानपणापासून पाठीत धपाटा खाऊन शिकलेलो असतो, की जाते म्हणू नये, येते म्हणावं. बाईंनी त्याचं आपल्या पहिलीच्या इंग्रजीत भाषांतर केलं आणि हात हलवून पोरांना म्हणाल्या, "ओके चिल्ड्रन, आय ॲम कमिंग!" आणि आम्ही निघून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावरच्या वॉचमनने आम्हाला थांबवलं. तो चिडलेला होता. तुम्ही येते म्हणालात, आणि एक मुलगी अंधार पडेपर्यंत फाटकाशी बसून राहिली, तिला उचलून आत न्यावं लागलं, ती जेवलीही नाही. तिकडे 'आय ॲम कमिंग' म्हणत माणूस उठला, की त्याचा अर्थ एवढ्यात परत येतोय असा होतो. ग्रेसताईंनी बाईंना बाजूला घेऊन बाकीचं सांगितलं. त्या मुलीचं नाव अकिन्यी. सहा-सात वर्षांची असेल. तिच्या आईने तिला याच फाटकाशी आणून उभं केलं होतं आणि 'नाकुजा', म्हणजे येते, एवढं म्हणून ती गेली ती गेलीच. पोरगी कित्येक महिने फाटकाशी बसत होती. आत्ता कुठे वर्गात बसायला लागली होती.

बाईंचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. वर्गात गेल्या, अकिन्यीच्या शेजारी बसल्या आणि दिवसभर तिथून हलल्या नाहीत. पोरगी त्यांच्याकडे बघतही नव्हती.

त्या संध्याकाळी आम्ही खोलीवर आलो, मी चहा टाकला. बाई चहा पिऊन उठल्या आणि परत आश्रमाकडे चालू लागल्या. फाटकाशी जाऊन अकिन्यीला हाक मारली, "आले बघ." ती बसली होतीच. आता निघायचं तर पुन्हा काय म्हणायचं? जाते म्हणवेना. म्हणाल्या, "येते." मग काय, पुन्हा घरी येऊन पुन्हा फाटकावर. असं तिसऱ्यांदा झाल्यावर मी हात टेकले. म्हटलं, "बाई, याला अंत नाही. एकदा जाते म्हणा आणि मोकळ्या व्हा."

"तुझ्या जिभेला हाड हाय का?" त्या म्हणाल्या.

शेवटी तोड वॉचमननेच सुचवली. स्वाहिलीत उद्याला 'केशो' म्हणतात. 'नाकुजा केशो', उद्या येते. बाईंनी तो शब्द पाठ केला. रोज संध्याकाळी त्या अकिन्यीसमोर वाकून सांगायच्या, "नाकुजा केशो," आणि रोज सकाळी पोरं जमायच्या आत फाटकावर हजर. एकदा त्यांना ताप भरला होता. मी पांघरूण घालून बजावलं, की आज शाळा नाही. मी आंघोळीला गेले तेवढ्यात त्या चपला घालून गेल्या. दुपारी फणफणत्या अंगाने परत आल्या. मी बोलायला लागले तर म्हणाल्या, "काल केशो म्हनले होते ना मी. मग?"

हळूहळू पोरगी फाटक सोडून पहिल्या बाकावर आली. मग पाटीवर रेघा मारू लागली. एका दुपारी तिने बाईंचा पदर धरून त्यांना ओढत नेलं आणि भिंतीवर कोळशाने काढलेली एक आकृती दाखवली. गोल डोकं, खाली मोठा त्रिकोण. ते बाईंचं पातळ होतं. बाई मला म्हणाल्या, "पाय काढले न्हाईत तिनं. काढायला सांगते." मी म्हटलं, पातळात पाय कसे दिसतील? "दिसोत न दिसोत," त्या म्हणाल्या, "पाय असल्याबिगर मानूस येनार कसा?"

व्हिसाची मुदत संपत आली. ग्रेसताईंना अशा निरोपांचा भरपूर अनुभव होता. त्यांच्याकडे जगभरातून माणसं येत, पोरांना लळा लावत आणि निघून जात. त्यांनी शांतपणे सुचवलं, की दुपारी मुलं झोपलेली असतात, तेव्हा गुपचूप निघा. सगळे तसंच करतात, रडारड होत नाही. मला ते पटलं. मी बाईंना समजावून सांगितलं.

बाई म्हणाल्या, "न सांगता आपण फक्त मयताच्या घरून निघतो."

खरंच होतं ते. मयताच्या घरी भेटायला गेलेलं माणूस तेवढं येते न म्हणता उठतं. बाकी कुठल्या घरून आपण असं निघत नाही.

"मग जाते म्हणून सांगा," मी म्हटलं. "खरं आहे ते सांगा. तुमचं वय बघा, गुडघा बघा, तिकिटं बघा. पुन्हा कुठलं येणं होतंय? त्या पोरीला एकदा फसवलंय आईने. तुम्ही दुसऱ्यांदा फसवू नका."

त्यावर बाई माझ्याशी दिवसभर बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी अकिन्यीला फाटकाबाहेर नेलं. समोर कारखान्याच्या रानात नुकती लागण झालेली होती, उसाचे कोंब वीतभर वर आले होते. बाईंनी तिला उसाशेजारी उभं केलं. डोक्यावर हात ठेवून तोच हात हवेत उसाच्या वर धरला. ऊस एवढा झाला, तुझ्या डोक्याच्या वर गेला, की मी येते. नाकुजा. बरोबर आलेला ड्रायव्हर तेच स्वाहिलीत सांगत होता, पण तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती उसाकडे बघत होती. मला बाईंचा इतका संताप आला होता, की परतीच्या वाटेवर मी मोटारीत पुढच्या सीटवर बसले.

केडगावला आलो आणि महिन्या-दोन महिन्यांत बाईंचा गुडघा पारच गेला. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, वाटी बदलावी लागेल. मुलगा पुण्याहून आला, ऑपरेशन झालं, आणि त्याने आईला स्पष्ट सांगितलं, की आफ्रिका वगैरे आता विसरायचं. "आई, व्हिडिओ कॉल कर ना. हल्ली सगळं तसंच चालतं."

बाईंनी व्हिडिओ कॉल केला. मी शेजारीच होते. ग्रेसताईंनी अकिन्यीच्या हातात फोन दिला. तिने बाईंचा चेहरा पाहिला, फोन उलटा करून त्याच्या मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. तिने फोन बाकावर ठेवला आणि ती निघून गेली. त्यानंतर ती फोनवर आली नाही. पुढे ग्रेसताईंचा निरोप आला, ऊस तिच्या डोक्यावर कधीच गेलाय, आणि ती पुन्हा फाटकाशी बसायला लागली आहे. वर्गात येत नाही. जेवायला बोलवावं लागतं.

त्या दिवशी बाई रडल्या. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं. पण रडणं झाल्यावर त्यांनी तोंड धुतलं आणि बाळासाहेबाला फोन लावला.

"बाळ्या, आश्रमासमोरचा ऊस तोडायला कधी येतोय?"

"आला की, बाई. पुढच्या पंधरवड्यात तोड लागंल."

"तोडायचा न्हाई."

"आँ?"

"मी येईस्तोवर तो ऊस उभा ऱ्हायला पाहिजे."

"बाई, कारखान्याचा ऊस हाय तो. माझ्या बापाचा न्हाई."

"तुझ्या बापाला मी चांगली वळखते. त्यानं ऐकलं असतं. फाटकासमोरचा एक पट्टा ठेव. बाकीचा ने."

मग एवढा मोठा इंजिनियर हळूच म्हणाला, "बरं, बाई."

त्यानंतर बाईंनी जो व्यायाम मांडला तो बघायला केडगाव जमत असे. सकाळी काठी घेऊन देवीच्या देवळापर्यंत, संध्याकाळी पुन्हा. दुखलं की थांबून मोठ्याने बाराखडी म्हणायच्या. दूधवाला सायकल हातात धरून त्यांच्या मागून चालायचा, पडल्या तर धरायला. "आता कुठवर आलं, बाई?" तो विचारायचा. "ढ पर्यंत," असं उत्तर यायचं.

मुलाने खूप विरोध केला. शेवटी त्याने मला फोन केला. "मावशी, आई ऐकत नाही. तुम्ही बरोबर जाणार असाल तरच मी हो म्हणेन." मी विचार करायला वेळ मागितला. फोन ठेवते न ठेवते तोच बाई दारात. "अगं ए विज्ञान, तुझा पासपोर्ट कुठाय?"

एवढ्यात जिल्ह्याचं नाव बदललं होतं, त्यामुळे एका कागदावर एक नाव आणि दुसऱ्यावर दुसरं. मुंबईच्या विमानतळावर खिडकीतल्या माणसाने विचारलं, तुमचं गाव नक्की कोणतं? बाई म्हणाल्या, "नगर. पुढचं तुमचं तुमी बघा." त्याने हसून शिक्का मारला.

मी प्रवासभर धास्तावलेली होते. तिने ओळखच दाखवली नाही तर? बाईंना ते सोसलं नसतं. बाई मात्र खिडकीतून बाहेर बघत होत्या आणि गुडघा चोळत होत्या. मी विचारलं, "भीती वाटते का?" म्हणाल्या, "वाटते की. म्हनून काय फिरायचं माघारी?"

कारखान्याच्या वळणावर मोटार आली आणि मला दिसलं, की चहूकडचं रान मोकळं झालंय. सगळा ऊस गेलेला. काळं पाचट, खुंट आणि मधोमध फाटकासमोर उसाचा एक पट्टा एकटाच उभा. पार जून झालेला, वर पांढरे तुरे आलेले. ड्रायव्हर हसून म्हणाला, इथे सगळे याला म्हातारीचा ऊस म्हणतात.

फाटकाशी कुणी नव्हतं. वॉचमनची रिकामी खुर्ची तेवढी होती. बाईंनी माझा हात घट्ट धरला.

ग्रेसताई धावत आल्या. त्यांनी सांगितलं, तोडणी सुरू झाली त्या दिवशी अकिन्यी फाटकाशीच होती. कोयते जवळ येत होते तसतशी ती उठून उभी राहिली. मजूर त्या पट्ट्यापाशी आले, थांबले, आणि वळून दुसरीकडे गेले. दुसऱ्या दिवशीही कुणी त्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी ती आपली पाटी घेऊन वर्गात जाऊन बसली. तेव्हापासून ती फाटकाशी आलेली नाही.

आम्ही वर्गाच्या दाराशी गेलो. पोरं गणितं करत होती. बाई उंबऱ्याशी काठी टेकून उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या माना वळल्या, कलकलाट झाला. पहिल्या बाकावरून अकिन्यी उठली. उंच झाली होती. ती धावली नाही, हसली नाही. सावकाश चालत दारापाशी आली, बाईंकडे नीट बघितलं आणि कपाळाला आठ्या घालून एकच शब्द म्हणाली, "उमेचेलेवा."

मी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो म्हणाला, "ती म्हणतेय, तुम्हाला उशीर झाला."

बाईंनी मान खाली घातली. आयुष्यभर उशिरा आलेल्या पोरांना त्यांनी जसं दारात उभं केलं असेल, तशाच त्या काठी धरून दारात उभ्या राहिल्या. "व्हय, बाळा," त्या मराठीतच म्हणाल्या. "झाला खरा उशीर."

अकिन्यीने थोडा वेळ विचार केला. मग ती आपल्या बाकाकडे परत गेली, शेजारच्या मुलीला ढकलून पलीकडे सरकली आणि बाईंपुरती जागा केली.